डोंगराच्या कमरेचं पाणी

दादाच्या घरामागून पाट वाहतो. पहिल्या पहाटे त्या पाण्याच्या आवाजानेच मला जाग आली. अर्धवट झोपेत वाटलं, आपण नाशिककडच्या बागलाणात आहोत, मोसम नदीच्या काठच्या घरी, आणि आता बाबा फावडं खांद्यावर टाकून शेतात पाणी वळवायला, दारं मोडायला निघतील. डोळे उघडले तर डोक्यावर मच्छरदाणी होती आणि खिडकीबाहेर ऊस. नजर दमेपर्यंत ऊस.

टांझानियात मोशी शहराच्या दक्षिणेला सपाट मैदान आहे. तिथल्या साखर कारखान्यात दादा गेली अकरा वर्षं बॉयलिंग हाउस, म्हणजे उसाचा रस आटवायचा विभाग, सांभाळतो. आपल्याकडच्या कारखान्यांतून पूर्व आफ्रिकेत गेलेले केमिस्ट आणि इंजिनिअर पुष्कळ. दादा त्यांतलाच एक. मी जाईन जाईन म्हणत राहिले आणि शेवटी शाळेतून निवृत्त झाल्यावर, दिवाळी उरकून, नोव्हेंबरात गेले.

चहाचा कप घेऊन दोघं पाटावर उभे राहिलो. पाणी इतकं नितळ होतं की तळाची रेती मोजावी. या मैदानात पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांइतकाच. मग हा ऊस कशावर उभा आहे? मी विचारलं, "दादा, हे पाणी कुठलं?"

त्याने हनुवटी उत्तरेकडे वर केली. तिथे राखाडी ढगांखेरीज काही नव्हतं.

"डोंगराचं," तो म्हणाला.

एकोणतीस वर्षं मी भूगोल शिकवला. किलिमांजारो माझ्या तोंडी चार ओळींत बसलेला होता: आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर, उंची ५,८९५ मीटर, ज्वालामुखीय पर्वत, विषुववृत्ताजवळ असूनही बर्फाच्छादित. परीक्षेत प्रश्न ठरलेला असायचा. भौगोलिक कारणे लिहा: किलिमांजारो विषुववृत्ताजवळ असूनही त्याच्या शिखरावर बर्फ आढळतो. उत्तर दोन गुणांचं. उंचीनुसार तापमान दर १६० मीटरला १ अंश सेल्सिअसने कमी होतं, म्हणून. मी त्या उत्तराखाली हजारो वेळा लाल टिकमार्क केली असेल. मोशीत कागद घेऊन खरंच गणित मांडलं. शहराची उंची आठशे मीटरच्या थोडी वर, वर्षाचं सरासरी तापमान तेवीस-चोवीस अंश. वर पाच हजार मीटर चढायचे म्हणजे एकतीस-बत्तीस अंश वजा. शिखरावरचं खरं सरासरी तापमान उणे ७ अंशांच्या आसपास आहे. पुस्तकातलं वाक्य इतकं चोख उतरलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला. पण त्या चार ओळींत पाणी कुठेच नव्हतं, याची टोचणीही तेव्हाच लागली.

आठ दिवस डोंगर दिसला नाही. नोव्हेंबर-डिसेंबर हा तिथल्या छोट्या पावसाचा काळ, त्याला वुली म्हणतात. मोठा पाऊस मार्च ते मे, तो मसिका. वहिनी रोज सकाळी माझी समजूत घालायची, "अहो, असतो तो तिथेच. येईल." पाहुणा यायचा असावा तसं बोलायची. नवव्या दिवशी पहाटे तिने मला हलवून उठवलं. मी अंगणात येऊन उत्तरेकडे पाहिलं. उसाच्या शेंड्यांवर ढगांचा पट्टा तसाच होता. "वर बघा, अजून वर," वहिनी म्हणाली. मान मागे टाकली तेव्हा दिसलं. ढगांच्याही वर, जिथे डोंगर शोधायचं कुणाच्या मनात येणार नाही अशा उंचीवर, किबो या मुख्य शिखराचा रुंद घुमट होता आणि रात्री पडलेलं नवं बर्फ त्याच्या खांद्यांपर्यंत उतरलं होतं. उजवीकडे मावेन्झी या दुसऱ्या शिखराचे काळे सुळके. खाली जमीन, मध्ये ढग, आणि त्यावर, जमिनीशी काहीच संबंध नसल्यासारखा, तो. वीस मिनिटांत परत झाकला गेला.

११ मे १८४८ रोजी योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने असंच काहीतरी पाहिलं. त्याला आधी पांढरा ढग वाटला. सोबतच्या वाटाड्याला विचारलं तर तो म्हणाला, थंडी. रेबमानने लिहून कळवलं की विषुववृत्ताच्या जवळ बर्फाचा डोंगर आहे, आणि लंडनमधल्या विद्वानांनी, विशेषतः विल्यम कूली यांनी, ते सपशेल नाकारलं. कूली आफ्रिकेचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते. आफ्रिकेत त्यांनी पाय ठेवलेला नव्हता. हे वाचून मी जरा गप्प झाले. मीही एकोणतीस वर्षं हा डोंगर न पाहताच शिकवला होता, आणि डोंगराखाली पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या चागा लोकांचं नावसुद्धा एकाही वर्गात घेतलं नव्हतं.

आपण सह्याद्रीची माणसं. लहानपणी आमच्या गावातून पश्चिमेला पाहिलं की साल्हेर दिसायचा आणि डोंगर म्हणजे कातळाच्या एकावर एक रचलेल्या पट्ट्या, हेच चित्र डोळ्यांत बसलं होतं. साल्हेरही आगीतून आलेला आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला, थरावर थर साचले आणि अफाट पठार तयार झालं. मग पावसाने आणि नद्यांनी ते कापत नेलं. कापून जे उरलं त्याला आपण साल्हेर म्हणतो, कळसूबाई म्हणतो. सह्याद्री हा असा उरलेला डोंगर आहे. किलिमांजारो रचलेला आहे. पूर्व आफ्रिकेची जमीन ताणली जाऊन जी महाखचदरी फाटत चालली आहे, तिच्या टांझानियातल्या टोकाजवळ, जरा पूर्वेला बाजूला, जमिनीखालून लाव्हा वर येत राहिला आणि आपल्याच तोंडाभोवती साचत गेला. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी शिरा नावाचा पहिला ज्वालामुखी सुरू झाला. तो आता खचून पठार झाला आहे. मग मावेन्झी, मग किबो. तीन डोंगर एकमेकांच्या अंगावर चढून एक झालेले आहेत. त्यांच्या अंगाखांद्यावर अडीचशेहून अधिक छोट्या शंकूंच्या टेकड्या आहेत, जिथून जिथून वाट मिळाली तिथून आग बाहेर आल्याच्या खुणा. पायथ्याचा घेर लंबवर्तुळासारखा, लांबीला जवळजवळ ९० किलोमीटर आणि रुंदीला ६०. एवढा पसारा, आणि शेजारी टेकायला दुसऱ्या डोंगराचा खांदा नाही. पश्चिमेला मेरू आहे, तोही ज्वालामुखी, ४,५६६ मीटरचा, पण शिखरापासून शिखर सत्तर किलोमीटर दूर, आणि मध्ये मोकळी जमीन.

किबोच्या माथ्यावर सुमारे अडीच किलोमीटर रुंदीचं विवर, त्यात आणखी एक लहान विवर आणि त्याच्या पोटात राखेचा खड्डा. मोठा उद्रेक होऊन दीड-दोन लाख वर्षं झाली असावीत, पण तिथल्या भेगांतून गंधकाची वाफ अजून येते. आतल्या विवराला रिखार्ड रॉयश या पाद्र्याचं नाव आहे. त्याला १९२६ मध्ये विवराच्या काठाजवळ, साडेपाच हजार मीटरच्याही वर, बर्फात थिजलेला बिबट्या सापडला होता. तो तिथवर कशासाठी गेला असेल, याचा विचार माझ्या मनातून बरेच दिवस जात नव्हता.

मावेन्झी इतका फाटका का, याची चागा लोकांची गोष्ट मला वहिनीने सांगितली. मावेन्झीच्या चुलीतला विस्तव विझला. तो किबोकडे विस्तव मागायला गेला. किबोने निखारे दिले, वर खायला केळी दिली. केळी गोड लागली म्हणून मावेन्झीने वाटेत निखारे विझवले आणि पुन्हा गेला. पुन्हा केळी मिळाली. तिसऱ्यांदा गेला तेव्हा किबो चिडला आणि हातातल्या मुसळाने त्याने मावेन्झीला असा बडवला की डोकं ठेचकाळून गेलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटली. आमची आजी शेजारच्या घरी विस्तव मागायला जायची. खापरात, गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणायची. विस्तव उसना देण्याघेण्याची रीत असलेल्या माणसांनाच दोन ज्वालामुखींबद्दल असं सुचू शकतं.

शिखरावर जायचं माझ्या मनात नव्हतं. गुडघे साथ देणार नाहीत हे ठाऊक होतं. दादा सहा वर्षांपूर्वी वर जाऊन आला होता. मला पाणी बघायचं होतं, जिथून ते येतं तिथे उभं राहून. दादा म्हणाला, "मग मारांगूला जाऊ. तिथून मंदाराच्या झोपड्यांपर्यंत एका दिवसात जाऊन येता येतं. तुझं पाणी तिथेच आहे."

मोशीहून मारांगू चाळीसेक किलोमीटर. रस्ता चढू लागला तसा ऊस संपला, मका संपला आणि केळी सुरू झाली. केळीच्या बागा म्हणून जे चित्र जळगावकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतं ते इथे नाही. मोठमोठ्या झाडांची सावली, तिच्या खाली केळी, केळीखाली कॉफीची झुडपं, त्यांच्या पायाशी सुरण-अळूसारखे कंद आणि भाज्या, आणि या सगळ्याच्या मधोमध घर. या घर-मळ्याला चागा लोक किहांबा म्हणतात. बापाकडून मुलाकडे येतो, आणि पूर्वजांना त्याच मातीत पुरलेलं असतं. बांधावर शेताच्या खुणेसाठी लांब पानांचं एक झाड लावलेलं दिसतं. त्याचं नाव मसाले. भांडण मिटवायचं असेल, क्षमा मागायची असेल तर त्याचं पान हातात घेऊन जायचं, समोरच्याला नाही म्हणता येत नाही. नाव ऐकून मला आमच्या स्वयंपाकघरातला डबा आठवला, पण त्या झाडाचा मान आपल्याकडच्या बेलपानाच्या जातीचा आहे.

आणि कॉफीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. या उतारांवरच्या छोट्या शेतकऱ्यांनी कॉफी विकण्यासाठी १९३३ मध्ये आपला सहकारी संघ उभा केला. आपला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० चा. सहकारावर वाढलेल्या आमच्यासारख्या घरात ही गोष्ट कधीच पोचली नव्हती. दादालाही तिथे राहून तीन वर्षांनी कळली.

मारांगूच्या फाटकाशी, साधारण १,८७० मीटरवर, शेती एकदम संपते आणि जंगल उभं राहतं. आम्ही आत शिरलो आणि दहा पावलांत उजेड हिरवा झाला. आमचा वाटाड्या पन्नाशीचा होता, चालता चालता दर थोड्या वेळाने म्हणायचा, "पोले पोले." हळूहळू. मला त्याने एकदाही घाई केली नाही.

पाऊस पडत नव्हता, तरी सगळं ठिबकत होतं. मी हे शब्द जपून लिहिते आहे. आकाशातून थेंब येत नव्हते. ढग झाडांमधून चालत होता आणि झाडांच्या फांद्यांना लोंबणाऱ्या दाढ्यांमध्ये अडकत होता. ती शेवाळासारखी दिसणारी, फिकट हिरवी, हातभर लांब दगडफुलाच्या जातीची दाढी असते. खोडांवर शेवाळ इतकं जाड की बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जाई, आणि काढलं की पाणी मनगटावरून वाहत येई. वाटाड्याने एक मूठभर शेवाळ अलगद दाबून दाखवलं. ओली चादर पिळावी तशी धार लागली. मग त्याने ते होतं तिथेच नीट परत बसवलं. त्याच्या त्या परत बसवण्यातली काळजी मला अजून दिसते.

वाटेच्या कडेला लाल-पिवळं फूल होतं, मागे हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला काटा. मी थबकले. हा तेरडा! पाने तीच, देठ तसाच रसरशीत. आमच्याकडे गौरी बसतात त्या तेरड्याच्या. वाटाड्याने सांगितलं की हा तेरडा फक्त या एका डोंगरावर होतो, जगात आणखी कुठेच नाही. त्याचं शास्त्रीय नावही किलिमांजारोवरूनच पडलं आहे. एकट्या डोंगराचं असं असतं. चारी बाजूंना कोरडं, उष्ण माळरान म्हणजे गारव्याच्या झाडांसाठी समुद्रच. डोंगर त्या समुद्रातलं बेट. आलेलं बी अडकून पडतं आणि लाखभर वर्षांत स्वतःसारखंच, फक्त स्वतःसारखं, होऊन बसतं.

या जंगलाचा दक्षिणेकडचा उतार सर्वांत ओला, कारण हिंदी महासागरावरून येणारे वारे इथेच येऊन धडकतात. २,२०० मीटरच्या आसपास वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उत्तरेची, केनियाकडची बाजू बरीच कोरडी. तळाशी थोडा पाऊस, माथ्यावर २०० मिलिमीटरही नाही. डोंगराचं सगळं ओलेपण कमरेला बांधलेलं आहे. आणि हे वारे आपले सोयरे आहेत. स्वाहिली किनाऱ्यावर दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला कुसी म्हणतात; मेअखेरीस हाच प्रवाह विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या उंच भूमीला अंग घासत वळतो, सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर येतो आणि जूनमध्ये आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारा म्हणून दाखल होतो. फळ्यावर बाण काढताना मी ते नेहमी समुद्राच्या मधूनच सुरू केले. आता काढले असते तर आणखी खालून, या किनाऱ्यापासून काढले असते.

एका घळीत वाटाड्याने बोट दाखवून सांगितलं की या डोंगरावरच्या अशाच एका दरीत आफ्रिकेतलं सर्वांत उंच स्थानिक जातीचं झाड आहे, ८१.५ मीटर. २०१६ मध्ये त्याची नोंद झाली. त्याआधी ते झाड कित्येक शतकं उभं होतं आणि खालचे लोक शेती करत होते. जग माथ्याकडे बघत होतं. काळी-पांढरी झुपकेदार शेपटीची माकडं आमच्या डोक्यावरून एका फांदीवरून दुसरीवर गेली, पांढरी शाल उडावी तशी.

मंदाराच्या लाकडी झोपड्या २,७०० मीटरवर आहेत. तिथून अर्ध्या तासावर माउंडी नावाचं लहानसं जुनं विवर, गवताने भरलेलं. त्या अडीचशे शंकूंपैकी एक. मी त्याच्या काठावर बसले. इथे जंगल संपून हिथर जातीची उंच झुडपं सुरू होतात आणि वरचा उतार मोकळा होत जातो. ढग थोडा विरला आणि किबो दिसला, अजूनही कितीतरी वर, कितीतरी दूर.

इथून पुढचं दादाने सांगितलं. आणखी दिवसभर चाललं की माणसापेक्षा उंच, खांबासारख्या खोडाची विचित्र झाडं लागतात. त्यांची वाळलेली पानं गळत नाहीत, खोडाभोवती गोधडीसारखी राहतात आणि थंडीपासून जपतात. लोबेलिया नावाच्या झाडांचे पानांचे गड्डे रात्री मिटतात, कोंब गोठू नये म्हणून. चार हजार मीटरनंतर वाळवंट. आणि मग तो म्हणाला ती गोष्ट ऐकून मी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"वर एक पाटी आहे. शेवटचं पाणी, अशा अर्थाची. त्या जागेनंतर वाटेवर पाणी नाही. किबोच्या तळावर प्यायला, शिजवायला जे पाणी लागतं ते पोर्टर खालून डोक्यावर वाहून नेतात."

"आणि वरचं एवढं बर्फ?"

"ते दिसतं. खाली येत नाही."

हे मी नंतर नीट वाचून समजून घेतलं. माथ्यावरचं बर्फ घुमटासारखं उतरत नाही; त्याच्या कडा भिंतीसारख्या उभ्या आहेत. हवा शून्याखाली, कोरडी, ऊन प्रखर. त्यामुळे त्याचा बराच भाग पाणी न होता सरळ वाफ होऊन जातो. १९१२ मध्ये बर्फाखाली सुमारे १२ चौरस किलोमीटर क्षेत्र होतं. त्यातलं ऐंशी टक्क्यांहून अधिक पुढच्या शंभर वर्षांत गेलं. हवा कोरडी होत गेली, बर्फ पडणं कमी झालं, आणि तापमानवाढीने त्यात भर घातली. हे बर्फ जाईल याचं मला दुःख आहे, खोल दुःख आहे. काही संशोधकांच्या मते अकरा हजार वर्षांची साठवण असलेलं ते पांढरं एकदा गेलं की कुणाच्या पणतवंडालाही दिसणार नाही. पण खालच्या लाखो लोकांच्या तोंडचं पाणी त्या बर्फाचं नाही. ते या ठिबकणाऱ्या जंगलाचं आहे. सच्छिद्र राखेतून आणि भेगाळ लाव्ह्यातून ते खाली मुरतं आणि पायथ्याशी झऱ्यांनी वर येतं. मग वेरुवेरू, किकुलेत्वा, रुवू या नद्यांतून धरणात, तिथून पांगानी नदीतून महासागरात. वाटेत दादाचा ऊस.

आणि ते जंगल जळतं आहे. ढगांच्या वरच्या पट्ट्यात कोरड्या ऋतूत आग लागली की हिथरची जुनी, दाढ्या लोंबणारी झाडं जातात आणि जागी खुरटी झुडपं येतात, ज्यांना ढग धरता येत नाही. गेल्या काही दशकांत जंगलाची वरची सीमा कित्येक ठिकाणी खाली सरकली आहे. कधी मध काढणाऱ्यांची धुरी, कधी स्वयंपाकाची चूल. ऑक्टोबर २०२० मध्ये लागलेला वणवा कित्येक दिवस चालला आणि सुमारे ९५ चौरस किलोमीटर भाग जळाला. गावांतली माणसं, विद्यार्थी, पोर्टर विझवायला वर गेले होते. आमचा वाटाड्याही गेला होता. त्याबद्दल तो फार बोलला नाही. फक्त म्हणाला की पाणी खालून वर न्यावं लागलं.

बर्फाच्या छायाचित्रांनी जग हळहळतं. हिथरच्या जळक्या खोडांची छायाचित्रं मी तरी कधी पाहिली नव्हती, आणि माझ्या पाठ्यपुस्तकात त्यांना अर्धी ओळही नव्हती. मला याचा राग आला, त्यातला बराचसा माझ्यावरच.

त्या रात्री आम्ही मारांगूजवळ दादाच्या एका सहकाऱ्याच्या आईकडे राहिलो. आजी ऐंशीच्या पुढच्या. दारात मी शिकून घेतलेलं "शिकामू" म्हटलं, वडीलधाऱ्यांना म्हणतात ते, आणि त्यांनी "मराहाबा" म्हणून माझा हात दोन्ही हातांत धरला. जेवायला घेवडा आणि उकडलेली कच्ची केळी. ओसरीवर दोन म्हातारे भोपळ्याच्या तुंब्यातून म्बेगे पीत बसले होते, केळ्याची दारू. त्यांनी तुंबा पुढे केला तसा एक ओळखीचा आंबूस वास आला. मी दादाला म्हटलं, "यात नागली आहे." खरंच होती. केळ्याच्या रसात नागलीचे मोड घालून ती आंबवतात. नागली मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातली. काही हजार वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि साल्हेरच्या उतारावरच्या वाड्यांची भाकर झाली. आजींनी कणगीतून मूठभर दाणे आणून माझ्या तळहातावर ठेवले. तेच तांबूस, मोहरीएवढे.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आजींची पाण्याची पाळी होती. चागांचे पाट, म्फोंगो, शेकड्यांनी आहेत. वर घळीत दगड, फांद्या आणि माती घालून ओढा अडवायचा आणि डोंगराच्या कडेकडेने, उतार राखत, कित्येक किलोमीटर पाणी आणायचं. दुर्बीण नाही, लेव्हल नाही. पाट ज्यांचा, दुरुस्ती त्यांची, पाळी ठरलेली, कामाला न येणाऱ्याला दंड. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा पाण्याच्या पाळीचा फड होता. मोसमवरचा दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, गावाने नेमलेला पाटकरी. बाबा पाटकरी होते. रात्री-अपरात्री कंदील घेऊन जायचे. शेवटच्या शेताला पाणी पोचल्याशिवाय घरी आले, असं आठवत नाही.

काही पाट आता कोरडे पडले आहेत, काहींच्या जागी प्लास्टिकचे पाइप आलेत, तरुण मुलं शहरात गेलीत. आजींचा नातू सुट्टीला आला होता म्हणून बरं. त्याने फावडं घेतलं, आणि मी मागे निघाले. पाटाच्या तोंडाशी केळीच्या सोपटाचा आणि मातीचा बांध होता. त्याने दोन फावडी माती ओढली, सोपट काढलं, आणि पाणी वळलं. आधी सुकी पानं, मुंग्या, कॉफीची टरफलं पुढे ढकलत आलं, एका केळीपाशी घुटमळलं. दादा चप्पल काढून आत उतरला. त्याने वाकून हाताने गाळ बाजूला केला, अगदी बाबा करायचे तसा, पंजा तिरका धरून. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही.

पाणी तिसऱ्या केळीच्या आळ्यात शिरलं तेव्हा आजी काठी टेकत आल्या आणि मला काही विचारू लागल्या. दादाने सांगितलं, "त्या विचारताहेत, तुमच्या गावाला पाणी कुठल्या डोंगरावरून येतं?"

"साल्हेर," मी म्हणाले.

त्यांनी ते नाव एकदा तोंडात घोळवलं. "सालेरी," त्या म्हणाल्या, आणि वर, जिकडे ढग होते तिकडे बघत, आणखी एकदा, "सालेरी."